आजोबांच्या वयाची पंपगन: बदकांसाठी आणि क्लेसाठी कशी वापरायची

गेल्या थंडीत ओळखीतल्या एकाने पॉन शॉपमधून विंचेस्टर मॉडेल १२ उचलली, १९२० च्या दशकातली, सोळा बोरची (बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, आकडा मोठा तितकं भोक बारीक), आणि दुसऱ्याच दिवशी सुपरमार्केटमधली काडतुसं घेऊन शूटिंगला निघाला होता. मी फोनवर थांबवलं म्हणून बरं. बंदूक एकदम मस्त होती, पण तिला काय खायला घालायचं हे त्याला माहीत नव्हतं. शंभर वर्षं जुन्या पंपगनचा (नळीखालची पकड, म्हणजे पंप, मागे-पुढे ओढून काडतूस भरायची बंदूक) जवळजवळ सगळा प्रश्न तिथेच आहे, मशीन तुटत नाही, आपण चुकीचं काडतूस घालतो. म्हणून हे सगळं एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

मी राहतो अर्कान्सामध्ये. इथे स्टटगार्ट म्हणून गाव आहे, स्वतःला बदकांची जागतिक राजधानी म्हणवून घेतं, १९३६ पासून तिथे बदकाचा आवाज काढायची चॅम्पियनशिप भरते. आजूबाजूला नजर जाईल तिकडे भातखाचरं. अमेरिकेत सगळ्यात जास्त भात याच राज्यात पिकतो, कापणी झाली की शेतकरी खाचरात पाणी सोडतात आणि उत्तरेकडून येणारी मॅलार्ड बदकं सांडलेल्या दाण्यावर उतरतात. कोकणातल्या माणसाला बांधावरून चालताना घरी आल्यासारखं वाटतं, फक्त थंडीने नाक गळत असतं. आणि हो, भारतातून वाचणाऱ्यांसाठी: आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार बंद आहे, गावाकडची शेतीसंरक्षण परवान्याची बंदूक ही वेगळी गोष्ट. हे सगळं अमेरिकेपुरतं.

आधी कागद

ग्रीनकार्ड किंवा नागरिकत्व असेल तर फार अडचण नाही, बाकी अटी सगळ्यांना असतात त्याच. एच-वन-बी वाल्यांनी मात्र नीट वाचा. फेडरल कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे, त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या उपयोगाचा म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. चालू म्हणजे चालू, मुदत संपली की अपवादही संपला. आणि मित्राची बंदूक "जरा बघू" म्हणून रेंजवर हातात घेणं हेही बाळगणंच धरलं जाऊ शकतं. इमिग्रेशनचा मामला आहे, शंभर-दोनशे डॉलर वकिलाला दिलेले परवडतात. काही राज्यांचं आणखी वेगळं असतं, इलिनॉयमध्ये वेगळं ओळखपत्र लागतं.

बदकांसाठी एवढं जमवा: हंटर एज्युकेशनचा कोर्स (अर्कान्सात ३१ डिसेंबर १९६८ नंतर जन्मलेल्या सगळ्यांना), राज्याचं लायसन्स, राज्याचा वॉटरफाउल स्टॅम्प (पाणपक्ष्यांच्या शिकारीचं परवाना-तिकीट), स्थलांतरित पक्ष्यांची एचआयपी नोंदणी, आणि १६ वर्षं पूर्ण असतील तर फेडरल डक स्टॅम्प, २५ डॉलरचा. हा स्टॅम्प १९३४ पासून आहे आणि पैसे जवळपास सगळे पाणथळ जागा राखायला जातात. मी शिकारीला जात नाही त्या वर्षीही घेतो, चित्र छान असतं.

कुठली बंदूक घ्यावी

माझी आवड सांगतो, वाद घालायचा तर घाला.

विंचेस्टर १८९७ ही जॉन ब्राउनिंगची डिझाइन, घोडा (ठोका देणारा भाग, चाप नव्हे) बाहेर उघडा, १९५७ पर्यंत बनत होती. दिसायला लई भारी. पण पंप मागे ओढला की बोल्ट (काडतुसामागचा सरकता पोलादी ठोकळा) रिसिव्हरच्या, म्हणजे यंत्रणेच्या पेटीच्या, बाहेर मागे येतो आणि दस्ता उंच पकडला असेल तर अंगठ्याचं कातडं सोलतो. थंडीत ग्लोव्ह घालून घोडा हळूच खाली सोडणं हे नवशिक्याचं काम नाहीच. क्लेसाठी (हवेत उडवलेल्या चकत्या फोडायचा खेळ) मजा म्हणून ठीक, पहिली बंदूक म्हणून नको.

मॉडेल १२ ही त्याच्या पुढची पायरी, टी. सी. जॉन्सनने केलेली, १९१२ मध्ये आली, घोडा आत लपवलेला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला नेहमीचं उत्पादन थांबेपर्यंत वीस लाखांच्या आसपास निघाल्या. सगळे पार्ट घन पोलादातून मशीनवर कापलेले, आज तसं करणं परवडणार नाही आणि तेव्हाही शेवटी परवडलं नाहीच, म्हणून तर बंद झाली. हातात घेऊन पंप केली की तेल लावलेल्या लोखंडी कडीसारखा जो आवाज येतो ना, त्यासाठी लोक वेडे होतात.

इथाका ३७ ही १९३७ ची. हिची गंमत म्हणजे काडतूस खालून आत जातं आणि खालूनच बाहेर पडतं, बाजूला भोकच नाही. डावखुऱ्यांसाठी याहून चांगली जुनी पंपगन नाही, आणि लपणात शेजारी बसलेल्याच्या तोंडावर गरम टोपी, म्हणजे रिकामं काडतूस, उडत नाही. वजनाला हलकी, साधारण तीन किलो. हलकी म्हणजे दिवसभर हातात बरी, पण खांद्याला धक्का जास्त, हे लक्षात ठेवा.

रेमिंग्टन ३१ (१९३१ ते १९४९) फार मऊ चालते पण पार्ट शोधावे लागतात. त्याच कंपनीची ८७०, १९५० पासूनची, हिची जुनी विंगमास्टर मिळाली तर डोळे झाकून घ्या, पार्ट कुठेही मिळतात आणि नवी नळी बसवता येते. ज्याला कटकट नको त्याला मी हीच सांगतो.

सोळा बोर किंवा वीस बोर दिसायला सुंदर, पण पहिली जुनी बंदूक बारा बोरचीच घ्या. कारण पुढे येतंय.

विकत घेताना काय तपासायचं

पहिल्यांदा रिकामी आहे का ते बघा. दुकानदाराने सांगितलं तरी बघा. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) बोट घाला, मॅगझिनच्या (पुढची काडतुसं राहतात त्या नळकांड्याच्या) तोंडाशीही बोट घाला, नुसतं डोळ्याने नाही.

मग नळी काढून उजेडाकडे धरा आणि आतून बघा. टोकापासून दोन-तीन इंच आत जर एक काळसर रिंग दिसली, म्हणजे सावलीचा गोल, तर तिथे नळी फुगलेली आहे, कुणीतरी चोकमधून (नळीच्या तोंडाशी केलेला अरुंद भाग) स्टीलचे छर्रे मारलेत किंवा चिखल अडकलेला असताना बार काढलाय. बाहेरून दोन बोटांनी सरकवत नेलं तरी फुगवटा जाणवतो. अशी बंदूक परत ठेवून द्या, किंमत कितीही पाडली तरी.

दस्ता रिसिव्हरला जिथे चिकटतो तिथे चीर आहे का बघा, जुन्या अक्रोडात तेल मुरून लाकूड मऊ झालेलं असतं. मागचं रबर दगडासारखं झालेलं असणारच, ते बदलता येतं. मॉडेल १२ आणि ९७ बऱ्याचशा टेकडाउन असतात, म्हणजे नळी फिरवून वेगळी होते. जोडलेली असताना नळी आणि रिसिव्हर धरून पिळून बघा, खडखडली तर सांधा सैल झालाय. मॉडेल १२ मध्ये तो घट्ट करायची सोय कारखान्यातूनच दिलेली आहे, गनस्मिथ करून देतो, पण किंमत पाडायला मुद्दा मिळाला.

स्नॅपकॅप, म्हणजे नकली काडतुसं, खिशात घेऊन जा आणि दुकानदाराला विचारून चार-पाच फिरवून बघा. इथे एक गोष्ट माहीत नसल्याने लोक घाबरतात: ९७ आणि १२ मध्ये रिकामा चाप ओढल्यावर पंप मागे येत नाही, अडकल्यासारखा वाटतो. बिघाड नाहीये तो. पंप आधी जरासा पुढे ढकलायचा, मग मागे येतो. खरा बार निघाला की धक्क्याने हे आपोआप होतं. काडतूस उशिरा पेटलं तर बोल्ट चुकून उघडला जाऊ नये म्हणून केलेली सोय आहे ती.

चोक ओळखायची गावठी युक्ती: दहा सेंटचं नाणं, डाइम, बारा बोरच्या नळीच्या तोंडावर ठेवा. आत गेलंच नाही तर बहुतेक फुल चोक, म्हणजे फार अरुंद. आत घसरलं तर मॉडिफाइड किंवा त्याहून मोकळा. अंदाजापुरतंच. खरं मोजमाप गनस्मिथकडे.

आणि हे सगळं केल्यावरही पहिला बार काढायच्या आधी गनस्मिथला दाखवाच. चेंबरची लांबी, हेडस्पेस (काडतूस आणि बोल्टमधली फट) आणि चोक, ही तीन मापं कागदावर लिहून मागा.

चेंबरची भानगड

माझ्या ओळखीतल्या त्या माणसाला मी का थांबवलं ते आता.

काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार झाल्यानंतरची, तोंड उघडल्यावरची असते. आत घालताना तोंड दुमडलेलं म्हणून ते आखूड असतं. त्यामुळे पावणेतीन इंची काडतूस आखूड चेंबरमध्ये आरामात बसतं, बोल्ट बंद होतो, आपल्याला वाटतं बरोबर आहे. बार झाला की तोंडाच्या पाकळ्या उघडायला जागाच नाही, त्या पुढच्या उतारावर घुसतात, रस्ता अरुंद होतो आणि दाब वाढतो. सुरुवातीच्या सोळा बोरच्या मॉडेल १२ ला चेंबर २ ९/१६ इंचाचं, वीस बोरला अडीच इंचाचं. बारा बोरच्या मॉडेल १२ ला बहुतेक पावणेतीन असतं म्हणून मी बारा बोर म्हटलं. जुन्या ९७ चं बारा बोरसुद्धा थोडं आखूड सापडतं. "बसतंय म्हणजे चालतंय" हे इथे अजिबात नाही.

आखूड निघालं तर दोन मार्ग, गनस्मिथकडून चेंबर लांब करून घ्यायचं (नळीची जाडी पुरेशी आहे असं तो म्हणाला तर), नाहीतर आखूड काडतुसं मागवायची. तीन इंची मॅग्नम तर नळीवर तसं स्पष्ट कोरलेलं असेल तरच. १९३५ ला आलेली मॉडेल १२ हेवी डक तीन इंची आहे, बाकी साध्या बंदुकांत ते घालायचा विचारही नको.

अजून एक, खिसा एकच बोरचा. वीस बोरचं पिवळं काडतूस चुकून बारा बोरमध्ये गेलं तर ते घसरून नळीत पुढे जाऊन बसतं, माणसाला वाटतं रिकामी आहे, तो मागून बारा बोरचं घालतो, आणि नळी फाटते.

शिसं, स्टील, बिस्मथ

अमेरिकेत पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे १९९१ पासून सगळीकडे बंद आहेत, कारण तळाशी पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. बदकांच्या शिकारीला जाताना शिशाची काडतुसं नुसती खिशात सापडली तरी दंड. म्हणजे क्लेच्या बॅगेतलं एखादं चुकून जॅकेटमध्ये राहिलं तरी. माझं शिकारीचं जॅकेट वेगळंच आहे, क्लेला घालतच नाही.

मग लोक स्टील घेतात, स्वस्त म्हणून. शिसं मऊ, चोकमधून जाताना दबतं. स्टील दबत नाही, आणि जुन्या नळ्या या शिशासाठी बनवलेल्या, त्यातून त्या काळच्या बदकांच्या बंदुकांना बहुतेक फुल चोकच असायचा. दोन्ही एकत्र आले की ती मघाशी सांगितलेली रिंग तयार होते. लगेच हातात फुटेल असं नाही, पण नळी कायमची गेली. काही लोक चोक मोकळा करून हलकं स्टील वापरतात, त्यांचं त्यांना लखलाभ, मी वापरत नाही.

माझा उपाय बिस्मथ. घनता साधारण ९.६, शिशाची ११.३ आणि स्टीलची ७.९ च्या आसपास, म्हणजे दोघांच्या बरोबर मधोमध, आणि मऊ असल्याने जुन्या चोकला चालतं. महाग आहे, एका काडतुसाला दीड-दोन डॉलर सहज. पण दिवसभरात आठ-दहा बार होतात, त्यापेक्षा पेट्रोलचा खर्च जास्त येतो. मी बारा बोर पावणेतीन इंच, सव्वा औंस, चार किंवा पाच नंबरचे छर्रे वापरतो. त्यातही सौम्य लोड (काडतुसातला दारू-छर्ऱ्यांचा भार) बघून घ्या, वेगाच्या आकड्यांच्या मागे लागू नका.

नवीन लोड घेतला की पॅटर्न बघा. मोठा कागद, मधे ठिपका, ४० यार्डांवरून एक बार, मग जिथे दाट पडलेत तिथे ३० इंच व्यासाचं वर्तुळ काढून आतली भोकं मोजा, एकूण छर्ऱ्यांच्या सत्तर टक्के म्हणजे फुल, साठ म्हणजे मॉडिफाइड. असे तीन तरी कागद करा. मग तेच तीस यार्डांवर. जुना फुल चोक बिस्मथने इतका घट्ट मारतो की वीस यार्डांवर बदकाचा खिमा होतो किंवा पूर्ण चुकतं. हे आधी कळलेलं बरं.

उन्हाळ्यात क्ले

पंपगन शिकायची जागा क्लेची रेंज, खाचर नव्हे. तिथे शिसं बहुतेक ठिकाणी चालतं, हलकं एक औंसचं आठ नंबर घ्या, खांदा आणि जुना दस्ता दोघंही आभार मानतील.

घरी आधी, रिकाम्या बंदुकीने, दोनदा तपासून. आरशासमोर नको, भिंतीवरच्या छताच्या रेषेवरून. डोळे बंद, बंदूक गालाला लावा, डोळे उघडा, नेम रेषेवर आहे का. गाल बंदुकीकडे नाही न्यायचा, बंदूक गालाकडे आणायची. रोज वीस वेळा, दोन आठवडे. जुन्या दस्त्यांना मागे उतार जास्त असतो, आपण डोकं वर उचलतो आणि बार चुकतो, तसं होत असेल तर दस्त्यावर चिकटवायचं पॅड मिळतं.

रेंजवर ट्रॅप या क्लेच्या खेळापासून सुरुवात करा. पाच जागा, प्रत्येकी पाच क्ले, एकूण २५, मशीनच्या घरापासून १६ यार्ड मागे उभं राहायचं. एकावेळी एकच काडतूस, आणि आपली पाळी आल्यावरच बोल्ट बंद. फुल चोक इथे चालून जातो कारण क्ले लांब जात असतो. उजवीकडून टोपी उडणारी बंदूक असेल तर शेजाऱ्याच्या कानावर बसते, बार झाल्यावर लगेच न ओढता बंदूक खाली घेऊन टोपी हातात काढा.

खरा पंप शिकवतो तो स्कीट, क्लेचाच दुसरा खेळ. आठ जागा, दोन घरं, एक उंच एक बुटकं, आणि एक, दोन, सहा, सात या जागांवर दोन क्ले एकदम सुटतात. आधी लांब जाणारा फोडायचा, मग येणारा. इथे पाय अडखळतात सगळ्यांचे. चूक नेहमी एकच, पंप अर्धाच मागे ओढणं. पहिला बार झाला की पुढे काय झालं ते बघत बसतो आपण, आणि हात घाबरत घाबरत मागे येतो, रिकामी टोपी अडकते किंवा पुढचं काडतूस वर येत नाही. धक्का बंदुकीला मागे ढकलतोच आहे, हात त्याच धक्क्याबरोबर मागे येऊ द्यायचा, खाटकन तळापर्यंत, आणि मग पुढे. बंदूक गालावरून उतरवायची नाही. भाकरी थापताना हात कसा थांबत नाही तसं. दोनशे-तीनशे बार झाले की हात आपोआप करतो, मग लक्षातही राहत नाही की पंप केलं.

मुद्दाम वेगळं लिहितोय कारण जीवाशी खेळ आहे: ९७, मॉडेल १२, आणि १९७५ च्या आधीच्या इथाका ३७ मध्ये चाप दाबून ठेवून पंप पुढे नेला की बोल्ट बंद होताच बार उडतो. आजच्या बंदुकीत मधे चाप सोडावा लागतो, यात लागत नाही. व्हिडिओत लोक हौसेने करून दाखवतात. तुम्ही बार झाला की बोट चापावरून बाहेर काढायची सवय लावून घ्या, प्रत्येक वेळी. चिखलात घसरलात आणि बोट चापावर असेल तर सवयीशिवाय काही वाचवत नाही.

आणि "ठो" ऐवजी "फुस्स" आवाज आला तर तिथेच थांबा. बंदूक रिकामी करा, नळीतून आरपार बघा. आत वॅड (छर्ऱ्यांमागचं बूच) अडकलेलं असू शकतं. काडतूस उडालंच नाही तर तोंड सुरक्षित दिशेला धरून अर्धा-एक मिनिट थांबून मग उघडा.

बदकांच्या दिवशी

घरून निघताना प्लग (मॅगझिनमधली जागा कमी करणारा दांडा) बघा. स्थलांतरित पक्ष्यांसाठी बंदुकीत एकूण तीनच काडतुसं बसली पाहिजेत, हा नियम १९३५ चा. चेंबरात एक, मॅगझिनमध्ये दोन. प्लग अखंड हवा आणि बंदूक उघडल्याशिवाय निघता कामा नये. जुन्या बंदुकांतून तो कुणीतरी काढून फेकलेला असतो. लाकडी दांडा मापाने कापून मॅगझिनच्या स्प्रिंगमध्ये बसवला की झालं. मॅगझिनमध्ये तिसरं काडतूस घुसवून बघा, गेलं नाही पाहिजे. वॉर्डन (शिकार खात्याचा अधिकारी) हेच पहिलं तपासतो.

थंडीत दाट ग्रीस गोठतं आणि पंप जड होतो. आदल्या रात्री जुनं तेल पूर्ण पुसा, पातळ तेलाचा हात फिरवा. ग्लोव्ह पातळ हवेत, घरी ग्लोव्ह घालूनच सेफ्टी चालवून बघा.

अंधारात बांधावरून जाताना बंदूक रिकामी, बोल्ट उघडा. खोटी बदकं, म्हणजे डिकॉय, पाण्यात मांडताना वाऱ्याकडे पाठ करून मधे एक मोकळी जागा सोडा, बदकं वाऱ्याला तोंड देऊन तिथेच उतरतात. त्या जागेपासून लपण २५-३० यार्डांवर. मी सगळ्यात लांबचं डिकॉय ३५ यार्डांवर ठेवतो, त्याच्या पलीकडचं बदक माझं नाही, हे स्वतःला बजावलेलं बरं असतं. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बार काढता येतो, पण त्या उजेडात नर कुठला मादी कुठली कळत नसेल तर थांबा, मॅलार्डच्या माद्यांवर वेगळी मर्यादा असते. शेजाऱ्याची बाजू त्याची, आपली आपली, आणि तोंडासमोरून खाली उडणाऱ्या बदकावर कुत्रा पाण्यात असताना बार नाही.

बंदूक चिखलात टेकली, किंवा टेकली असं नुसतं वाटलं, तरी रिकामी करून नळीतून बघा. गुडघाभर पाण्यात वैताग येतो, तरी बघा.

पडलेलं बदक शोधायचंच, सोडून यायचं नाही. आणि घरी पोचेपर्यंत डोकं किंवा एक पिसांसकट पंख अंगाला ठेवायचा, जात ओळखता यावी म्हणून.

घरी आल्यावर

चहा नंतर, बंदूक आधी. मॉडेल १२ असेल तर रिकामी तपासून मॅगझिनच्या टोकाची पिन आत दाबा, नळकांडं पाव फेरा फिरवून पुढे ओढा, पंपही पुढे सरकवा, मग नळीचा सगळा भाग पाव फेरा फिरवला की बाहेर येतो. नळी पुसून तेलाचा फडका, सांध्याच्या आट्या कोरड्या करून एक थेंब. त्याच्या आतलं काही उघडू नका, स्प्रिंग उडून सोफ्याखाली गेली की मग शोधत बसा. रात्रभर तोंड खाली करून ठेवा म्हणजे जास्तीचं तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही. कापडी कव्हरमध्ये कधीच ठेवायची नाही, ओल धरतं, कुलुपाच्या तिजोरीतच.

बदक साफ करताना जिथे भोक दिसेल तिथे पिसं आत ओढली गेलेली असतात, त्या वाटेने सुरीचं टोक घालून पीस काढा, बहुतेक वेळा त्याच्या शेवटी छर्रा सापडतो. स्टील असतं तर लोहचुंबकाने निघालं असतं, बिस्मथ चिकटत नाही, बोटानेच चाचपायचं. मालवणी वाटणात रस्सा झक्कास होतो, फक्त पहिला घास हळू चावा.